ओल्या पानाचं विष

माझ्या आत्तीला आमच्याच घरानं बदनाम केलं. तिचा दोष एवढाच, की तंबाखूचं ओलं पान तिला सोसत नव्हतं. आज मी हे दोन वाक्यांत सांगते. तेव्हा ते कळायला मला बेळगावच्या कॉलेजात जावं लागलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचं गाव निपाणीजवळ. घर जैनांचं, शेती तंबाखूची. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच तिचा नवरा तापानं गेला आणि ती माहेरी परत आली. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. बसून खाऊ नकोस, असं आप्पा तिला कधी म्हणाले नाहीत. म्हणायची वेळच तिनं येऊ दिली नाही. दिवस उगवला की मजूर बायांबरोबर ती शेतात असायची.

झाडाला कळी धरली की शेंडा खुडायचा, पानांच्या बगलेतले फुटवे काढायचे, म्हणजे पान जाड होतं. हे काम दिवाळीच्या सुमाराला येतं आणि त्याच दिवसांत दव पडतं. छातीएवढ्या झाडांतून चालताना पदर, चोळी सगळं भिजून अंगाला चिकटायचं. हातांवर चिकाचा काळा थर बसायचा, तो राखेनं घासूनही निघायचा नाही.

खुडणीच्या दिवसांत आत्ती सकाळीच शेतातून परत यायची. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. परसात बसून ओकायची, मग भिंतीला धरून उभी राहायची. पहिल्या वर्षी आईनं तिला लिंबू दिलं. दुसऱ्या वर्षी तोंड वाकडं केलं. तिसऱ्या वर्षी आई तिच्या चेहऱ्याकडे बघेनाशी झाली, पोटाकडे बघायला लागली.

"वैनी, हे पानाचं हाय," आत्ती म्हणायची. "ओल्या पानात गेलं की हुतंय. घरात ऱ्हायलं की न्हाय हुत. बघा की तुम्हीच."

"बाकीच्या बाया जातात न्हवं त्याच रानात?" आई म्हणाली. "त्यास्नी काय हुईना ते?"

तरुण विधवा बाई, सकाळची ओकारी. आमच्या घराला एवढं पुरलं. आईनं सुईणीला बोलावलं. आत्तीला आतल्या खोलीत नेलं आणि मला गरम पाणी आणायला सांगितलं. मी पंधरा वर्षांची होते. पाणी दारात ठेवलं तेव्हा आत्तीनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून परत फिरले.

सुईण हात पुसत बाहेर आली. "पोटात काय न्हाय," म्हणाली.

आई म्हणाली, "आता न्हाय. आधी असंल."

असं म्हटल्यावर बाईनं काय दाखवावं? कुठला पुरावा आणावा? आप्पांनी सगळं ऐकलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. तिचं ताट वेगळं झालं. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, दर्शनाला जाऊ नकोस, लोक विचारतील, असं आईकरवी सांगितलं. जिनं आयुष्यात मुंगीवर पाय पडू दिला नाही, तिला देवळाचं दार बंद.

महिनाभर तिनं सोसलं. मग एक दिवस जेवणं झाल्यावर तिनं गाठोडं बांधलं, चालत निपाणी गाठली आणि सर्व्हिस मोटारीत बसून बेळगावला गेली. तिथल्या वडगाव भागात तिच्या सासरच्या ओळखीचं एक विणकराचं घर होतं. तिथं ती सुताच्या कांड्या भरायला लागली, पुढं मागावर बसायला शिकली. आमच्या घरात तिचं नाव निघेनासं झालं. मीही काढलं नाही. राग फक्त आईआप्पांवर काढून मोकळी होऊ म्हटलं तरी होता येत नाही, ते ह्यासाठी.

मॅट्रिक झाल्यावर मी शिकायचा हट्ट धरला. मामा बेळगावात राहायचे, म्हणून आप्पा तयार झाले. विज्ञानाच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. पहिल्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या तासाला मास्तरांनी सगळ्यांच्या पुढ्यात लाल कांदा ठेवला. आमच्या घरात कांदा येत नसे. मी तो पहिल्यांदा चिरला ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि शेजारची हसत होती.

सालीचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवून बघितला. विटा रचाव्यात तशा पेशी. प्रत्येकीला बाहेरून भिंत, आतल्या बाजूला नजरेला न दिसणारं नाजूक पटल, आत एक केंद्रक आणि लालसर रस. मास्तरांनी कडेनं मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. बघता बघता आतला रस आक्रसला आणि पटलासकट भिंतीपासून सुटून मधे गोळा झाला. पेशीतलं पाणी बाहेर निघून गेलं होतं. मीठ मात्र सहजी आत शिरलं नव्हतं. मग साधं पाणी सोडलं, तर त्या पुन्हा भरून आल्या.

"हे पटल सगळ्यांना सारखं वागवत नाही," मास्तर म्हणाले. ते इंग्रजीत शिकवायचे, पण रंगात आले की मराठीवर यायचे. "पाणी लवकर जातं. मीठ, साखर अडून राहते. आणि जे तेलात विरघळतं ते बिनबोभाट आत जातं, कारण पटलच मुळी तेलकट."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तंबाखूचं विष?"

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "निकोटीन? ते पाण्यातही विरघळतं आणि तेलातही. आपली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी नसते, वर मेलेल्या पेशींचे थरच्या थर असतात. पण हे विष त्यातूनही जातं. झाडांवर मारायचा तंबाखूचा अर्क कपड्यांवर सांडून माणसं आजारी पडलेली आहेत. चक्कर येते, ओकारी होते, घाम सुटतो. का गं?"

पाण्यात विरघळतं म्हणजे दवात उतरतं. कातडीतून जातं म्हणजे भिजल्या चोळीतून अंगात जातं. एवढंच होतं. एवढ्यासाठी एका बाईला खोलीत नेऊन तपासलं होतं.

त्याच संध्याकाळी मी वडगावला गेले. आत्ती मागावर बसली होती. तिला भेटायची मला त्याआधी हिंमत झाली नव्हती. मी धापा टाकत सगळं सांगितलं: पेशी, पटल, तेल, दव. वाटलं, ती रडेल, मला जवळ घेईल.

तिनं मागाचा धोटा बाजूला ठेवला. "झालं सांगून?"

"व्हय."

"मी तीन वरसं काय सांगत हुते? पानाचं हाय, पानाचं हाय. तवा तू तितंच हुतीस न्हवं?"

"आत्ती, मला तेव्हा कळत नव्हतं."

"कळायला काय पायजे हुतं? माझ्यावर इश्वास ठेवायला पुस्तक लागतंय व्हय गं?"

तिनं धोटा उचलला आणि माग पुन्हा सुरू केला.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले ती भांडायच्या तयारीनंच. आप्पांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "रानात काम करून कुणाच्या अंगात इख जात न्हाय. कॉलेजात हेच शिकिवत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईची जुनी चोळी घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि खुडणीच्या बायांबरोबर शेतात उतरले. तोंडात काही घातलं नाही, हात ओठांना लावला नाही. पानं मुद्दाम अंगाशी धरली. ऊन वर येईपर्यंत माझ्या डोक्यात भणभण सुरू झाली होती. मग जमीन हलायला लागली. एक म्हातारी मजूर बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "बाईसाब, पान चढलंय तुमास्नी. सावलीला बसा."

"तुम्हाला माहीत आहे हे?"

"माहीत नसाया काय झालं? आमाला दरसाल चढतंय. ओकायचं, परत कामाला लागायचं."

आईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या रानातच होतं. बाकीच्या बायांनाही होत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांच्या ओकारीनं आमच्या घराची अब्रू जात नव्हती. मीसुद्धा इतकी वर्षं त्यांना विचारलं नव्हतं.

मी कशीबशी घरी आले आणि भर अंगणात, आप्पांच्या समोर ओकले. आई धावत आली. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली पोटाकडे गेली. क्षणभरच, पण गेली.

"बोलवा सुईणीला," मी ओरडले. "बोलवा की! मलाबी खोलीत न्या!"

आई मटकन खाली बसली. आप्पा हातातला तांब्या धरून तसेच उभे. माझं अंग दुसऱ्या दिवसापर्यंत धड नव्हतं, पण तोंड चालू होतं. इतक्या वर्षांचं सगळं बोलून घेतलं. आई मधेच म्हणाली, मोठ्या माणसांना असं बोलू नये. त्यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

आप्पांनी एवढं केलं: दव वाळल्याशिवाय खुडणीला कुणी उतरायचं नाही, असं मुकादमाला सांगितलं. दोन हंगाम ते पाळलं गेलं. तिसऱ्या वर्षी काम मागं पडलं आणि बाया पुन्हा उजाडताच शेतात उतरल्या.

आत्तीला त्यांनी माझ्याकडून निरोप पाठवला, घरी ये म्हणावं. स्वतः गेले नाहीत. मी वडगावला जाऊन निरोप दिला. आप्पांना ती अण्णा म्हणायची. म्हणाली, "अण्णाला सांग, मी खोटं बोलले न्हवते. एवढं त्यानं बस्तीत समद्यांच्या म्होरं म्हणावं. मग येते."

मी शब्दाला शब्द तसाच आप्पांना सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, पटका डोक्याला बांधला आणि शेताकडे निघून गेले. बस्तीत ते कधी काही बोलले नाहीत. आत्ती वडगावातच राहिली. पुढं तिनं स्वतःचा माग घेतला, आणि तिच्या घरात आमच्यापैकी फक्त मला यायची परवानगी होती. तीही तिनं आनंदानं दिली होती असं मला कधी वाटलं नाही.