एकट्याची मर्यादा

हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या या गृहस्थांना सगळे घडीकाका म्हणत. त्यांनी घातलेली घडी पेशंट पाठ टेकेपर्यंत मोडत नसे. स्वतःच्या संसाराची घडी मात्र बायकोच्या आजारपणात विस्कटली ती विस्कटलीच. ती गेल्यावर भेटायला आलेले पाहुणे आठवडाभरात पांगले, उपचारांसाठी काढलेल्या कर्जाने तेवढा मुक्काम ठोकला.

हप्ते भरता भरता नाकी नऊ आले, तेव्हा मुकादमाने त्यांना फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे धाडलं. काका गेले, पण मान खाली घालून. आयुष्यात कुणाचा चहासुद्धा उधार न प्यालेला माणूस दिवाळखोरीचा अर्ज करायला निघाला होता. करणार काय, निवृत्ती तोंडावर आली होती आणि गुडघे आत्ताच कुरकुरत होते.

वकीलबाई त्यांना मुलगी शोभतील अशा वयाच्या. त्यांनी नियम नीट समजावून सांगितला. अर्जाआधीच्या सहा महिन्यांच्या कमाईची सरासरी काढायची. घरात माणसं किती, त्यावर मर्यादा ठरते. सरासरी मर्यादेच्या आत असली तर कर्ज माफ, वर गेली तर पाच वर्षं पगारातून हप्ते. पाच वर्षं ऐकून काकांचा हात आपसूक गुडघ्यावर गेला.

"घरात माणसं किती?"

"दोन," काका सवयीने म्हणाले. मग, "नाही. एक. एकच."

बाईंनी आकडा खोडला आणि तिथेच गाडं अडलं. दोघांच्या मर्यादेत काका आरामात बसत होते. एकट्याच्या मर्यादेपेक्षा त्यांची कमाई थोडी वर जात होती. काकांना वाटलं, ती असती तर हेही निभावलं असतं. खोटं बोलायचा मोह क्षणभर झाला, नाही असं नाही. पण ती आहे असं कागदावर लिहायचं आणि घरी जाऊन कुलूप आपणच उघडायचं, हे त्यांच्याने झालं नसतं.

बाईंनी पगाराच्या चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. नुसता पगार धरला तर काका मर्यादेत होते, नडत होते ते जादा पाळीचे पैसे. हप्त्यांसाठी करता का, असं बाईंनी विचारलं. काकांनी मान डोलावली, पण ते काही खरं नव्हतं. घर खायला उठायचं म्हणून ते संध्याकाळची पाळी मागून घेत. कुणाचं लग्नकार्य असो, कुणाचं मूल आजारी असो, त्यांच्या जागी पाळीला काका उभेच. लोक दुवा देत. गरम चादरींच्या ढिगाआड एकटेपणा जरा कमी लागायचा, एवढाच त्यांचा स्वार्थ. हा भला माणूस त्या पाळ्या फुकटसुद्धा करायला तयार असता. फुकट केल्या असत्या, तर आज सुटला असता.

"सोपं आहे काका," बाई हसून म्हणाल्या. "जादा पाळ्या बंद करा. सहा महिने संध्याकाळी घरी बसा. सरासरी खाली येईल, मग अर्ज करू."

बातमी चांगलीच होती. काकांनाही ते कळत होतं.

"मग संध्याकाळी मी काय करू?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी पाळीच्या फळ्यावरून आपलं नाव पुसलं आणि ते उजेड असतानाच घरी आले. बायकोच्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग साठला होता. त्यांनी एकेक कपडा घडी करून कपाटात ठेवला आणि खुर्ची मोकळी केली. मग लक्षात आलं की तिच्यावर बसायला कुणी नाही. त्यांना फार एकटं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. कर्जवसुलीवाल्या मुलीचा. ती रोज याच वेळी करायची, पण तेव्हा फोन कामावरच्या कपाटात वाजून वाजून गप्प व्हायचा. आज काकांनी उचलला. हप्ता कधी भरणार, तिने थकलेल्या आवाजात विचारलं. काकांनी वकीलबाईंचं सगळं खरंखरं सांगून टाकलं.

"पण सर, अर्ज होईपर्यंत मला रोज फोन करावा लागेल. आमचा नियम आहे."

"करा ना," काका म्हणाले. "आता संध्याकाळी मी घरीच असतो."