पांढऱ्या दाढीचा पोरगा आणि बर्फाचा कारखाना

आमच्या बेटावरच्या बांगोनी गावात म्लामालीला सगळे पोरगाच म्हणायचे. दाढी पांढरी, घरात नातवंडं, समोरचे दोन दात समुद्रानं नेलेले, तरी पोरगा. कारण त्याचं मोठं लग्न झालं नव्हतं. तसं लग्न झालं होतं हो, मोइनाएशाशी, काझीला बोलावून, चार माणसांत. पण ते घरातलं लग्न. मोठं लग्न म्हणजे अख्ख्या गावाला बैल कापून जेवण, बायकोच्या अंगावर सोनं आणि गल्लीगल्लीत नाच. ते केलं की माणसाला जरीचा झगा मिळतो, चौकातल्या दगडी बाकावर जागा मिळते आणि तोंड उघडायची परवानगी मिळते. ज्यांचं झालं नाही त्यांनी खाली बसायचं, गावजेवणं रांधायची, ताटं वाढायची आणि गप्प राहायचं. माझं झालेलं आहे. मी दुसऱ्या बाकावर बसतो.

मोइनाएशा बाजारात मोठ्यानं सांगायची, "आयुष्य गेलं एका पोराशी संसार करण्यात! हा मोठा कधी होणार?"

म्लामाली म्हणायचा, "मी मोठा झालो की तुला म्हातारी म्हणतील. तुझ्यासाठीच थांबलोय."

तो मासे धरायचा. एकदा त्याला एवढा थोरला कुपा सापडला की होडीत मासा बसला आणि म्लामाली बाहेर लोंबकळत आला. गावात एवढा मासा घेणार कोण? खांद्यावर टाकून शहराची वाट धरली. वाटेत ऊन चढलं. शहर येईपर्यंत मागे कुत्र्यांची मिरवणूक आणि पुढे नाक धरून पळणारी माणसं. शेवटी तो मासा त्यानं एका माडाखाली पुरला. त्या माडाचे नारळ अजून गोड लागतात, पण म्लामालीनं एकही चाखला नाही. "माझा कुपा आहे त्यात," म्हणायचा. आमच्या गावच्या सगळ्या कोळ्यांची हीच गत. सकाळी मासा सोन्यासारखा, दुपारी घाण. बर्फ असता तर पोरं परदेशात पळाली नसती.

अशात आखातातल्या एका श्रीमंत देशाचा माणूस गावात आला. जगातल्या अगदी गरीब देशांत आमच्या बेटांचं नाव घेतात, आणि तो देश अशा देशांना हात देतो. आमच्याकडे त्यांनी रस्ता केला होता, वादळानंतर पत्रे आणि तांदूळ पाठवले होते. खोटं कशाला बोलू, ते पत्रे माझ्याही घरावर आहेत.

जासिमसाहेब नाव त्यांचं. तरुण, नम्र, अत्तराचा वास. चौकात बसले. दुभाषी मी, कारण गावच्या मदरशात छड्या खाऊन शिकलेली अरबी माझ्याजवळ होती.

ते म्हणाले, "गावाला काय हवं ते सांगा. एकच गोष्ट, पण गावानं ठरवलेली."

पहिल्या बाकावरून फुंदी हमादी उठले. ते गावचे सगळ्यांत मानाचे म्हातारे. झगा सावरत म्हणाले, "आमच्या चौकाला वेस हवी. संगमरवरी. वर तुमच्या देशाचं नाव कोरू."

बाकांवरच्या सगळ्या माना हलल्या. माझीही हलली. तेवढ्यात खालून आवाज आला, "बर्फ!"

म्लामाली उभा होता. "बर्फाचा कारखाना हवा. किनाऱ्यावर. वेस काय चाटायची आहे?"

"खाली बस रे पोरा!" फुंदी कडाडले.

"खालीच बसत आलोय, फुंदी. गुडघे गेले बसून बसून."

जासिमसाहेबांनी मला विचारलं, "काय झालं?"

"एक पोरगा मधेच बोलला, साहेब."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "पोरगा कुठाय?"

मी म्लामालीच्या दाढीकडे बोट केलं आणि मोठ्या लग्नाची सगळी गोष्ट सांगितली. साहेबांना भारी गंमत वाटली. माणूस मनाचा उमदा. म्हणाले, "एवढंच ना? याचं मोठं लग्न आम्ही लावून देतो! बैल आमचे, सोनं आमचं. मग तर बोलेल?"

मी ते आमच्या भाषेत सांगितलं आणि सगळ्या माना म्लामालीकडे वळल्या. भिंतीआड बायका उभ्या होत्या, त्यांत मोइनाएशा. जन्मभर जे जमलं नाही ते समोर वाढून आलं होतं. जरीचा झगा, बाक, मान. म्लामालीनं नुसतं हो म्हणायचं होतं.

तो म्हणाला, "त्यांना सांग, त्यांचे उपकार आहेत. पण दुसऱ्याच्या बैलांवर मी मोठा होणार नाही. आणि माझं लग्न लावलं तर मी एकटा बोलेन. हे एवढे खाली बसलेत त्यांचं काय? मी हात पसरायला उठलो नाही. गावाला विचारलंत, मी गावातला आहे, म्हणून बोललो. बर्फ द्या. मासा आम्ही धरू."

भिंतीआडून मोइनाएशा ओरडली, "बरोबर बोलला माझा पोरगा!"

मी एक शब्द गाळला नाही. फुंदींचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला. त्यांनी तिथल्या तिथे शिक्षा सुनावली, "याच्या घरी कुणी जेवायचं नाही. याच्या मयताला खांदा द्यायचा नाही."

"बरं," म्लामाली म्हणाला, "मी चालत जाईन."

तो निघाला. त्याच्यामागे खाली बसलेले सगळे उठले, काळ्या दाढ्या, पांढऱ्या दाढ्या, सगळे पोरगे. जाताना त्यांनी पाहुण्यांच्या जेवणाची भांडीही उचलली. नारळाच्या रसात शिजवलेले कसाव्याचे कंद, भात, मटण, सगळं चुलीवरून उतरवून किनाऱ्याकडे. रांधणं-वाढणं त्यांचंच काम. कुठं वाढायचं एवढंच त्यांनी बदललं.

आम्ही बाकांवर बसून राहिलो. खाली किनाऱ्यावरून तळलेल्या माशाचा वास यायला लागला.

साहेबांनी हळूच विचारलं, "जेवण?"

"खाली गेलं, साहेब."

"मग आपणही जाऊ."

पाहुणा उठल्यावर यजमान बसून कसे राहणार? जरीचे झगे गुडघ्यापर्यंत वर धरून मानाचे म्हातारे लाव्हाच्या काळ्या खडकांवरून घसरत, एकमेकांना धरत उतरले. हसू दाबताना माझा जीव जायची वेळ आली.

मोइनाएशा वाढत होती. "या फुंदी, बसा. बाक नाही, पण वाळू मऊ आहे."

सकाळचाच कुपा होता. साहेबांनी खाल्ला, पुन्हा मागितला. म्हणाले, "असला मासा फुकट जातो?" झालं! सगळे पोरगे एकदम बोलायला लागले. कुणी पुरलेला मासा सांगितला, कुणी परदेशी गेलेला मुलगा. चौकात ज्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, त्यांचं बोलणं सांगता सांगता माझा घसा बसला.

साहेब फुंदींकडे वळले. "मग? वेस की बर्फ?"

फुंदी बराच वेळ बोटं चाटत राहिले. समोर अख्खा गाव बघत होता.

"बर्फ," ते म्हणाले. मग चटकन, "पण कारखान्याचं दार संगमरवरी."

हसणं ओसरल्यावर त्यांनी म्लामालीवर बोट रोखलं. "आणि जेवायची बंदी गेली, तरी शिक्षा आहेच. चौकात तू तोंड उघडायचं नाहीस."

"नाही उघडणार," म्लामाली म्हणाला. "काही विचारायचं असलं तर तुम्ही खाली येत जा."

आणि तोंड काट्यांत गुंतून राहील असा, परातीतला सगळ्यांत काटेरी तुकडा शोधून त्यानं फुंदींच्या ताटात वाढला.