हजेरी असती तर

तालुक्याच्या ज्या कॉलेजात निकिता फुंदे बी.ए. करतेय, तिथं तिचं नाव निघालं की ‘तोंडाची फटकळ बाई’ म्हणतात. ती फटकळ कशी झाली, ते मात्र कुणी सांगत नाही.

निकिता पाथर्डीजवळच्या खेड्यातली. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर कोल्हापूरकडे ऊसतोडीला जायची, ती उन्हाळ्यात परतायची. मग वर्गात बसणार कधी? त्यात पर्यावरण आणि इंग्रजी संभाषण हे दोन विषय सक्तीचे. विभागप्रमुख रविकांत सरांनीच प्रवेशाच्या वेळी मार्ग सांगितला होता. ऑनलाइन कोर्स करायचा, नगरच्या केंद्रावर परीक्षा द्यायची, त्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, कॉलेजात जमा होतील.

तिनं ते मनावर घेतलं. मोळ्या बांधताना कानात मोबाईलवरचे धडे चालू असायचे. फडात रेंज गेली की उसानं भरलेल्या ट्रॉलीवर चढायची. टोळीतल्या बाया हसायच्या. सासू गोजरबाई मात्र नातवाला कडेवर घेऊन म्हणायची, “तू आईक, पोराचं मी बघते.” परीक्षेला एसटी बदलत बदलत निकिता नगरला आली, पेपर दिले आणि तशीच फडावर परतली. दोन्ही विषयांत पास झाली.

जूनमध्ये ती सासूला घेऊन कॉलेजात गेली. निकाल बघून रविकांत सर म्हणाले, “छान. पण तुझी हजेरी कुठंय? हजेरीशिवाय क्रेडिट नाही. पुढच्या वर्षी हेच विषय परत घे, वर्गात बस.”

“सर, हजेरी असती तर ही नगरची परीक्षा कशाला दिली असती?”

“आवाज खाली.”

निकितानं आवाज आणखी चढवला. “तुमीच सांगितलं हुतं ना? मग ते खोटं हुतं, असं लिहून द्या.”

सरांनी फोन कानाला लावला आणि तिच्याकडं पाठ केली.

ती थेट प्राचार्या सुचित्रा मॅडमच्या दारात गेली. शिपाई म्हणाला, मीटिंग आहे. “व्हऊ द्या,” म्हणत सासू-सुना उंबऱ्यातच बसल्या. मीटिंगमधून बाहेर पडणाऱ्यांना त्यांना ओलांडून जावं लागलं. मॅडमनी सगळं ऐकून सरांना बोलावलं. “हजेरीचा नियम कुठला?”

“नियम असा नाही मॅडम... आपली पद्धत आहे.”

त्याच आठवड्यात क्रेडिट जमा झाले. पण पद्धतीपायी तिचं अख्खं वर्ष जाणार होतं, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

पंधरा ऑगस्टच्या दोन दिवस आधी सरांचा फोन आला. “ऊसतोड करून यश मिळवलंस, तुझा सत्कार ठेवलाय. फोटो पेपरात देऊ.”

“माझा फोटो छापायचा आन् पुढच्या पोरीला हजेरी इचारायची. न्हाई येणार मी.” तिनं फोन ठेवला.

“गेली असतीस तर काय झालं असतं?” गोजरबाई म्हणाली.

“फोटोत सरांशेजारी हसावं लागलं असतं, आत्या.”

यंदा टोळीतल्या अश्विनीनं आणि भागूबाईच्या सुनेनं प्रवेश घेतला. निकिता दोघींबरोबर गेली आणि क्रेडिट मिळतील, असं पत्र सहीशिक्क्यानिशी हातात पडेपर्यंत प्रवेशाच्या खिडकीपुढून हलली नाही. मागं रांग वाढत होती, लोक कुरकुरत होते. तिनं वळूनही पाहिलं नाही.