काठीचं फडकं

पेडगावात तात्यारावाच्या घरी लग्न निघालं की त्याची थोरली बहीण चांगुणाबाई हिला धान्याच्या कोठीत बसवून बाहेरून कडी घालत. पोलिओनं तिचा डावा पाय लहानपणीच वाळला होता. शुभकार्यात लंगडं माणूस समोर येऊ नये, ही गावाची अक्कल. आवाज होऊ नये म्हणून तिच्या काठीच्या टोकालाही फडकं बांधलेलं. एरवी घरभराचं निवडण-टिपण हीच बाई करायची, तेव्हा कुणाला अपशकुन होत नसे.

कोठीत ती कधी एकटी नसायची. बाहेर सनई सुरू झाली की कोपऱ्यात, ज्वारीच्या कणगीमागं, काठी वाजायची. टक. जरा थांबून पुन्हा टक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती सात वर्षांची होती. तिची बोबडी वळली. पुढं आईनं मरताना सांगितलं. आजोबांची बहीण नर्मदा, तीही लंगडी. एका लग्नात तिला इथंच कोंडलं आणि वऱ्हाडाच्या गडबडीत दार उघडायचं सगळेच विसरले. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी आठवण झाली, तोवर ती गेली होती. मग घरात तिचं नावच कुणी काढलं नाही.

एक्क्याऐंशी साली परभणीत अपंगांचा मोर्चा निघाला. चांगुणाबाई कुणाला न विचारता एसटीनं गेली. कुबड्या घेतलेले, हातांवर सरकणारे, एवढी आपली माणसं तिनं कधी पाहिली नव्हती. सोनपेठचे एक आंधळे मास्तर तिच्या शेजारून चालत होते.

"काठीला फडकं कशाला, बाई? वाजू द्या की! तुमी आलाव हे आमाला कळू द्या."

तिनं भर रस्त्यात फडकं सोडून फेकलं. संध्याकाळी पेडगावच्या गल्लीतून ती टकटक करीत आली, तेव्हा लोक दारात येऊन बघायला लागले. तिला लाज वाटली नाही. आपल्या पायाचा तिला अभिमान वाटला, आयुष्यात पहिल्यांदा.

दोन वर्षांनी तात्यारावाच्या कावेरीचं लग्न ठरलं. आईवेगळी पोर, चांगुणाबाईच्याच मांडीवर वाढलेली. लग्नाच्या सकाळी तात्याराव कोठीच्या दारात उभा राहिला.

"अक्का, वऱ्हाड यायलंय. अक्षता पडूस्तोर आत बस. सोयरे माघारी फिरले तर पोरीचं कसं व्हावं?"

"तिला न्हाऊमाखू घातलं मी, तात्या. अक्षता बी मीच टाकणार. कडी लावायची तर रिकाम्या कोठीला लाव."

त्यानं रागारागानं खरंच लावली.

चांगुणाबाई मांडवात सगळ्यांच्या पुढं बसली. सोयऱ्यांत कुजबुज झाली, पण उठलं कुणी नाही. अंतरपाट धरला, वाजंत्री थांबली, भटजींनी घसा खाकरला. तेवढ्या शांततेत कोठीतून आवाज आला. टक. टक.

तात्यारावानं बहिणीकडं पाहिलं. तिची काठी मांडीवर आडवी होती आणि ओंजळीत अक्षता होत्या. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आवाज आता दाराशी आला होता.

"एवढी लग्नं झाली," चांगुणाबाई म्हणाली, "तिला कुणी बोलावलंच न्हाई."

अक्षता पदरात बांधून ती उठली, चालत गेली आणि कडी काढली. आत कणगी होती आणि अंधार होता.

"चल नर्मदाआजी. आपल्या कावेरीचं लग्न लागायलंय."

ती मांडवाकडं वळली. परत येताना सगळ्या वऱ्हाडाला दोन काठ्या ऐकू आल्या. दुसरी एक पाऊल मागं होती. बाया लेकरांना कवटाळून बसल्या. तात्याराव पुढं झाला, सतरंजी झटकली आणि दोघींना बसता येईल एवढी जागा केली.