लिफ्टकाकांचे चार मजले

अडतीस वर्षं माणसानं रोज शेकडो मजले चढावेत आणि पायरीला मात्र पाय लावू नये, असा योग लिफ्टकाकांच्याच नशिबी होता. सहा मजली कचेरीच्या इमारतीत ते लिफ्ट चालवायचे. जाळीचं लोखंडी दार, पितळी मूठ आणि बसायला एक उंच स्टूल. प्रत्येक मजल्यावर दार सरकवून खणखणीत आवाजात सांगायचं, ‘‘दुसरा मजला! वकील, विमा, चष्मेवाले!’’ आवाज असा, की जिन्यातल्या माणसालाही वाटावं, आपलाच मजला आला.

लिफ्टला मालक ‘गाडी’ म्हणायचे आणि त्यांचा एक कडक नियम होता. गाडी वर रिकामी उभी ठेवायची नाही. शेवटचा माणूस उतरला की लगेच तळमजल्यावर. काकांनी तो नियम एक दिवसही मोडला नाही. निवृत्त झाले तेव्हा मालकांनी विचारलं, काय देऊ? काकांनी स्टूल मागितलं. घड्याळ मागायचं सोडून स्टूल! बायको हसून हसून दमली होती.

ती स्वतः मात्र जिन्यानंच यायची. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरी काका लिफ्टनं पोहोचेपर्यंत ती कुलूप काढून पंखा लावून बसलेली असायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. काका आता एकाहत्तरचे, आणि त्यांचं पोट शर्टाच्या गुंड्यांशी रोज भांडत होतं.

अशात त्यांच्या राहत्या इमारतीची लिफ्ट बदलायला काढली. चार महिने बंद! पहिल्या दिवशी काका ऐटीत खाली उतरले, दूध घेतलं आणि त्याच ऐटीत वर निघाले. ऐट पहिल्या मजल्यापर्यंत टिकली. दुसऱ्यावर पायात गोळे आले, छातीचा भाता झाला आणि काका दुधाची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी त्यांना तसं बघितलं आणि घाबरून त्यांच्या मुलीला फोन लावला.

मुलगी तासाभरात हजर. तिनं आधी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, ‘‘काळीज ठणठणीत आहे. पाय गंजलेत. रोज थोडं थोडं चढा. चढताना बोलता आलं पाहिजे. एक वाक्य एका दमात बोलता येईना, तर थांबायचं. शहाणपणा करायचा नाही.’’

मुलीनं यातलं ‘थांबायचं’ तेवढंच ऐकलं. ‘‘बाबा, आमच्याकडे तळमजला आहे. हे घर भाड्यानं देऊ. झालं!’’

झालं कसं? एकदा गेलेला म्हातारा परत येत नसतो, हे न कळायला काका काही कुकुलं बाळ नव्हते. या घरात बायकोनं लावलेल्या कुंड्या होत्या, तिच्या हातचा पडदा होता. मुलीकडे प्रेमाला तोटा नव्हता, पण ते घर मुलीचं होतं.

‘‘सहा आठवडे दे,’’ ते म्हणाले. ‘‘चारही मजले न बसता चढून दाखवतो. नाही जमलं, तर तुझा टेम्पो आणि माझं सामान.’’

‘‘लिहून ठेवते,’’ मुलगी म्हणाली. तीही त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात आरोळ्या सुरू झाल्या. एका दमात एक वाक्य? अहो, हीच तर अडतीस वर्षांची नोकरी! काकांनी स्टूल पहिल्या मजल्यावर ठेवलं आणि पोहोचल्यावर उभ्यानंच पुकारलं, ‘‘पहिला मजला! दातांचे डॉक्टर आणि त्यांचं चावरं कुत्रं!’’ वाक्य पुरं झालं तर पुढे. ‘चावरं’वर दम तुटला तर मुकाट्यानं स्टुलावर.

आठ दिवस ते कुत्र्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. मग एकदा पोहोचले. पंधरा दिवसांनी स्टूल दुसऱ्या मजल्यावर गेलं. ‘‘दुसरा मजला! पेटीमास्तर, सकाळी सूर, संध्याकाळी भांडण!’’ पेटीमास्तर तणतणत बाहेर आले, पण दार लावून हसले. महिना उलटल्यावर स्टूल तिसऱ्यावर. ‘‘तिसरा मजला! शिंपीणबाई, ब्लाउज वेळेवर मिळणार नाही!’’

‘‘मिळतो हो!’’ आतून मशीन थांबवून बाई ओरडायच्या. ‘‘गिऱ्हाइकं पळवाल माझी!’’ पण चार दिवसांनी त्याच पदर खोचून काकांबरोबर जिना चढायला लागल्या. दिवसभर मशीनवर बसून त्यांचे गुडघे धरले होते.

चौथ्या मजल्यावर मात्र काका हळूच म्हणायचे, ‘‘चौथा मजला. आम्ही दोघं.’’

ठरलेल्या रविवारी मुलगी आली. टेम्पोवाल्याला फोन करून सांगितलेलं, अकरा वाजता तयार राहा. ‘‘मी मागेच येते,’’ ती म्हणाली. ‘‘मध्ये टेकलात तर दिसेल मला.’’

काका निघाले. कुत्रं झालं, पेटीमास्तर झाले. तिसऱ्यावर शिंपीणबाई दारात उभ्या राहून डोळ्यांनीच ‘चला, चला’ म्हणत होत्या. मागून मुलीचा आवाज आला, ‘‘बाबा... जरा... थांबा!’’ काकांना वाटलं, लबाडी आहे, आपल्याला टेकवायला बघते. ते थांबले नाहीत. शेवटच्या पायरीवर पाय रोवून त्यांनी छाती भरून पुकारलं, ‘‘चौथा मजला! आम्ही दोघं!’’

आणि पुकारल्याबरोबर वळून खाली चालू लागले.

सवय हो, दुसरं काय! गाडी वर रिकामी उभी ठेवायची नाही. इतके दिवस डोकं पायांकडे असायचं. आज पाय हलके होते, त्यामुळे डोकं सरळ जुन्या नोकरीवर गेलं. आपल्याच नादात ते तिसरा मजला ओलांडून दुसऱ्यावर पोहोचले, तेव्हा वरून हाक आली, ‘‘बाबा! अहो, चाललात कुठे?’’

काका भानावर आले. कपाळावर हात मारला आणि पुन्हा वर चढले. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या स्टुलावर त्यांची मुलगी बसली होती; मघाशी नादात ती त्यांना दिसलीच नव्हती. लालबुंद, घामाघूम, हातात शिंपीणबाईंनी दिलेला पाण्याचा पेला. चव्वेचाळीस वर्षांची बाई, दिवसभर कचेरीत खुर्चीवर.

‘‘तुम्ही वर जाऊन... परत... खाली?’’ तिला वाक्य पुरं करता येईना. मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. ‘‘मला वाटलं होतं, तुम्ही हट्टानं बोलताय. मी किती घाबरले होते, बाबा.’’

‘‘मीपण,’’ काका म्हणाले.

तिनं डोळे पुसले आणि टेम्पोवाल्याला फोन लावला. ‘‘नको, भाऊ. कुणी कुठे जात नाही.’’ फोन ठेवून तिनं उरलेल्या जिन्याकडे बघितलं. तिला तो डोंगर वाटला असावा.

काकांनी हवेतलंच दार सरकवलं आणि तिच्यापुढे हात केला. ‘‘या, वर जाणारी गाडी. जागा आहे. आधी सांग बघू एका दमात, तिसरा मजला, कोण राहतं?’’

‘‘तिसरा मजला, शिंपीण...’’ दम तुटला.

‘‘मग बस अजून,’’ काका म्हणाले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. ‘‘घाई नाही. तू निघाल्याशिवाय गाडी हलत नाही.’’