न्हाणीसमोरचा पट्टा

आमच्या आत्याबाईंना दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण त्या स्वतः कुणाला सांगत नाहीत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तरी दारात कुणी आलं की म्हणणार, "वाळलास की रे लई!" येणारा बिचारा आपल्याच दंडाकडं बघत बसतो.

त्यांचं सगळं आयुष्य शेंद्र्याकडच्या शेतात गेलं. पुढं ती जमीन कंपन्यांसाठी गेली आणि मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सिडकोत हे घर घेतलं. जमीन गेल्यावर मामा आतून खचले, फार दिवस राहिले नाहीत. आत्याबाई मात्र म्हणाल्या, "भुई गेली तर गेली, पाय तर हायत." पुढं डोळे गेले, तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं.

आणि पायांवरच त्यांचं सगळं चालायचं. घरात जुनी शहाबादी फरशी होती आणि ती त्यांना तोंडपाठ होती. स्वयंपाकघराच्या तोंडाशी एका फरशीचा कोपरा उडालेला, तिथून आत वळायचं. तुळशीच्या वाटेवर अंगठा जाईल एवढी फट. आणि हॉलच्या पार टोकाला, न्हाणीसमोर, हातभर रुंदीचा एक पट्टा बाकीच्या घरापेक्षा दोन बोटं खाली होता. न्हाणीतलं पाणी हॉलमध्ये येऊ नये म्हणून बांधणाऱ्यानं तसा ठेवलेला. पाऊल तिथं उतरलं की समोर न्हाणीचं दार. "माझे डोळे टाचंत हायत," असं त्या म्हणायच्या.

एकदा सुदर्शन, म्हणजे माझा नवरा, त्यांचा हात धरून न्हाणीकडं न्यायला गेला. त्यांनी हात असा झिडकारला की तो दोन पावलं मागं सरला. "ज्या दिवशी मला हाताला धरून न्हाणीत न्यावं लागंल ना, त्या दिवशी मला मेली समजा," म्हणाल्या. त्यानंतर त्यांच्या हाताला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग फरशी बदलायची दुर्बुद्धी कुणाला सुचली? मला नाही, बरं का. खुद्द त्यांनाच. आमच्या गल्लीत बायकांचं भजनी मंडळ आहे, एकादशीला पाळीपाळीनं घरोघरी बसतं. आमच्याकडं बसलं, तेव्हा मागच्या गल्लीतल्या यमुनाबाई गुडघे चोळत म्हणाल्या, "अहो द्वारकाबाई, आता बदला की ही फरशी. किती खडबडीत! आमच्या टाइल्समध्ये तोंड दिसतं."

बायका गेल्या आणि आत्याबाई टाळ पिशवीत घालता घालता म्हणाल्या, "निशा, तोंड दिसतंय म्हणं."

"तुम्हाला कशात दिसणार आहे?" मी म्हणाले. माझं तोंड हे असं आहे, काय करू!

"मला नाय दिसणार. येणाऱ्याला तर दिसंल." आणि संध्याकाळी जेवायलाच उठल्या नाहीत. सकाळी पुन्हा तेच. "कधी करणार फरशी? मी मेल्यावर व्हय?" सुदर्शन लगेच विरघळला. आईपुढं त्याचं कधी काही चाललंय का?

काम दिलं कडुबा भाऊजींना. ते आमच्या भावकीतले, शहरात फरशीची कामं घेतात. "आपला माणूस आहे," असं सुदर्शन म्हणाला. मी म्हणाले, ओळखीचा चोर जीवे न सोडी. तर तो माझ्यावरच रागावला. कडुबा भाऊजी आले, आत्याबाईंच्या पाया पडले, "काकू, आरसा करून देतो घराचा," म्हणाले, आणि एका परप्रांतातल्या मिस्त्रीला आमच्या घरात सोडून पसार झाले.

शहाबादी उखडली, तो आवाज अजून कानात आहे. सगळं सामान अंगणात, त्यातच माझा गॅस, डाळीत धूळ, पोळीत धूळ. आत्याबाई बाहेर खाटेवर बसून प्रत्येक घावाला म्हणायच्या, "ही स्वयंपाकघरापुढची गेली. ही मधली गेली." त्यांना आवाजावरून कळत होतं. मला मात्र एकाच गोष्टीची काळजी होती, न्हाणीसमोरच्या त्या पट्ट्याची. बाकी काही बदलू दे, पण तेवढी पायरी राहिली तर त्या आपल्या आपण जातील येतील. म्हणून अंगणातनं, एका हातानं फोडणी हलवत, मी मिस्त्रीला ओरडून सांगितलं, "भैया, वो न्हाणी के सामने का पट्टा खाली रखना, हां!"

"खाली?" आतून आवाज आला.

"हां हां, खाली!"

"पूरा?"

"पूरा खाली!"

मी गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात फॉल-पिको करते. दिवसभर गिऱ्हाइकांशी हिंदीच बोलते. "काउंटर जरा खाली करो," असं मीच दहा जणींना सांगते. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे मला कळत नाही का? पण फोडणी करपत होती, आणि तोंडातून आपली मराठीच बाहेर पडली.

संध्याकाळी आत जाऊन बघते, तर सगळा हॉल चकाचक, आणि न्हाणीसमोर हातभर रुंदीची उघडी माती. एक टाइल नाही. मिस्त्री वर मलाच म्हणतो, "बहनजी, आप ही ने तो बोला, पूरा खाली रखना." मी कपाळावर हात मारून घेतला. सुदर्शन तर पोट धरून हसत सुटला. आत्याबाईही हसल्या. तेव्हा वाटलं, जाऊ दे, उद्या बसवतील दोन बोटं खाली.

पण दुसऱ्या दिवशी तो मिस्त्री आलाच नाही. कडुबा भाऊजींनी त्याला कुठल्याशा बंगल्याच्या कामावर पळवलं आणि आमच्या उरलेल्या पट्ट्यासाठी दुसराच कुणीतरी पाठवला. मी दुकानात, सुदर्शन शेंद्र्याला कंपनीत. त्या पठ्ठ्यानं चार कोपऱ्यांत चिमूट चिमूट सिमेंटचा माल टाकला, वर टाइल्स दाबल्या, आणि सगळ्या घराशी अगदी समतल करून चालता झाला. आत्याबाई त्याला सांगत होत्या म्हणे, "दोन बोटं उतरू दे रं बाबा." त्याला काय कळणार? "हो गया, अम्मा," म्हणाला आणि गेला.

झालं! घराचा आरसा झाला, आणि माझी सासू त्यात हरवली.

सगळीकडं एकच गुळगुळीत. ना कोपरा, ना फट, ना पायरी. त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहायच्या, पाऊल पुढं करायच्या, मागं घ्यायच्या. एकदा न्हाणीचं दार समजून फ्रिज उघडला आणि थंडगार वाऱ्यात तशाच उभ्या राहिल्या. मी खुणेसाठी पायपुसणं टाकलं, तर ते टाइलवर सरकलं आणि त्या दाणकन खाली बसल्या. आठ दिवस कंबर शेकली. त्यात न्हाणीतलं पाणी थेट हॉलमध्ये येऊ लागलं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. सुदर्शननं डोकं लढवून खाटेपासून न्हाणीपर्यंत दोरी बांधली. आत्याबाईंनी ती सोडून त्याच्या अंगावर फेकली. "मी काय म्हैस हाय का दावणीला बांधायला?"

कडुबा भाऊजींना मी रोज फोन करायची. "पट्टा खाली घ्यायचाय, या." उद्या येतो वहिनी. लग्नात हाय वहिनी. माल संपलाय वहिनी. भावकीतला माणूस, शिवीही देता येईना. दुसरा कुणी असता तर त्याच्या साइटवर जाऊन तमाशा केला असता मी.

मग ती दुपार. दुकानातून जरा लवकर आले, तर आत्याबाई हॉलमध्ये, फ्रिजपाशी, जमिनीवर बसलेल्या. जवळ त्यांचंच जुनं लुगडं, आणि त्यानं त्या फरशी पुसत होत्या. चाचपडत, पुन्हा पुन्हा, जिथं कोरडं झालं होतं तिथंही. माझी चाहूल लागली तशा थांबल्या. "पाणी सांडलं गं," म्हणाल्या.

ते पाणी नव्हतं. मला वासानं कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. मी म्हणाले, "मीच ठेवला होता तांब्या इथं, माझंच चुकलं." त्यांच्या हातातून लुगडं घ्यायला गेले, तर त्यांनी सोडलं नाही. मी मागं अंगणात गेले आणि नळ सोडून ढसाढसा रडले. त्या बाईनं आयुष्यभर कुणापुढं मान खाली घातली नव्हती हो!

तसाच फोन लावला. भावकी गेली खड्ड्यात. "भाऊजी, तुमची काकू आज आपल्याच घरात न्हाणी शोधत बसली, आणि तिला सापडली नाही. पुढचं काय झालं ते मी सांगायचं का तुम्ही समजून घेता?" पलीकडून फोन कट. त्यानंतर त्यांनी उचलणंच बंद केलं.

त्या प्रसंगानंतर आत्याबाई पाणी कमी पिऊ लागल्या. म्हणजे न्हाणीला जायला नको. चहा अर्धा सोडायच्या. भजन म्हणायच्या नाहीत. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

आणि एक दिवस सकाळी मी कणीक मळत असताना हॉलमधून आवाज आला. टक. टक. टक. मग एकदम, डब्ब! पुन्हा, डब्ब! मी धावत गेले. आत्याबाई न्हाणीसमोर उभ्या, पदर खोचलेला, आणि टाच आपटतायत. तोंडभर हसू.

"निशा, हे बोलतंय गं!"

चिमूटभर मालावर बसवलेला तो पट्टा खालून पोकळ होता. सगळं घर टक म्हणायचं, तेवढा पट्टा डब्ब म्हणायचा. आणि डब्ब आलं की समोर न्हाणीचं दार. त्यांनी मला तीनदा चालून दाखवलं, अगदी नवीन चालायला लागलेल्या पोरीसारखं. "तुझ्या त्या खालीनं भलं केलं बघ माझं. पट्टा खालून खालीच ठेवला मुडद्यानं!" आम्ही दोघी इतक्या हसलो की मला भिंत धरावी लागली.

मग एकदम गंभीर झाल्या. "कुणाला सांगू नको हां. सुदर्शनला बी नको. म्हातारी घर वाजवत चालती म्हणून हसतील लोक."

"नाही सांगत," मी म्हणाले. आणि नाही सांगितलं.

पुन्हा पाणी प्यायला लागल्या, चहा मागून मागून घ्यायला लागल्या, एकादशीला टाळ निघाले. घरात दिवसातून कितीदा तरी डब्ब वाजायचं आणि मला बरं वाटायचं. ती पोकळ टाइल कधी फुटू नये म्हणून मी त्यावर बादलीसुद्धा ठेवायची नाही.

अशात कडुबा भाऊजींचा आपण होऊन फोन आला. मी मशीनवर होते, समोर गिऱ्हाईक. "वहिनी, तोंड नाय दाखवायला. येऊ का उद्या? पट्टा नीट करून देतो."

"राहू द्या, भाऊजी," मी म्हणाले. "आता आहे तसंच राहू द्या." आणि फोन ठेवला. खरं मनापासून म्हणाले हो. पण माझा आवाज! माझं गोड बोलणंसुद्धा लोकांना खेकसल्यासारखं वाटतं.

परवाच्या एकादशीला मंडळ यमुनाबाईंकडं होतं, आत्याबाई तिकडं गेलेल्या. मी गुलमंडीहून घरी आले, तर दारात सिमेंटची पाटी. आत कडुबा भाऊजी गुडघ्यावर बसून फडक्यानं टाइलच्या फटी पुसतायत. स्वतः. मिस्त्री नाही, कुणी नाही. सुदर्शन शेजारी चहाचा कप घेऊन उभा, खूश.

"सगळा पट्टा उखडून पुन्हा बसवला, वहिनी," भाऊजी म्हणाले. "या हातानं. खाली घ्यायला गेलो तर मिस्त्रीनं न्हाणीचा पाइप वर घेतलेला निघाला, ते काय जमलं नाय. पण भरीव केलाय, दगडासारखा. न्हाणीच्या दारात पट्टी बी टाकली, आता पाणी येणार नाय बाहेर. वाजवून बघा, कुठं पोकळ सापडली तर नाव बदला माझं."

"मी राहू द्या म्हणाले होते ना?"

"म्हणालात की." ते हसले, खाली बघून. "पण वहिनी, बाईमाणूस असं 'राहू द्या' म्हणलं तर ते राहू द्यायचं असतंय व्हय? राग कळतो की आपल्याला. रात्री झोप नाय लागली मला, काकूचं ऐकून."

त्या माणसानं जन्मात एक काम जीव लावून केलं होतं.

तेवढ्यात बाहेर यमुनाबाईंचा आवाज आला, "आलं हो घर," आणि आत्याबाई आत आल्या. चपला काढल्या, टाळांची पिशवी खुंटीला अडकवली, आणि निघाल्या सवयीनं न्हाणीकडं. टक. टक. टक. पुढं गेल्या. टक. थांबल्या. डाव्या टाचेनं आपटलं. टक. उजव्या टाचेनं, जोरात. टक. त्या पट्ट्यावरच उभ्या होत्या, न्हाणीचं दार हाताच्या अंतरावर होतं, पण त्या वळल्या आणि फ्रिजला जाऊन लागल्या.

"काकू, नीट करून दिलं बघा," भाऊजी म्हणाले. "आता कुठंच वाजत नाय."

आत्याबाईंनी आवाजाकडं तोंड केलं. "कडुबा व्हय रं?" मग म्हणाल्या, "चांगलं केलंस बाबा. लई चांगलं केलंस. जेवून जा."

मग फ्रिजला टेकून त्यांनी उजवा हात पुढं केला, जिथं मी असेन असं त्यांना वाटलं तिकडं. "निशा," त्या म्हणाल्या, "धर गं. न्हाणीत जायचंय."

मी हात धरला. सुदर्शननं मान फिरवली.