सिंधूची दुसरी गाठ

आमची सिंधू म्हंजी न्हावरे गावात एकच! धाकटी जाऊ माझी. कांद्याची भरल्याली गोणी एकटी उचलून टेम्पोत टाकती, गडीमाणसं नुसती बघत ऱ्हात्यात. आन् तोंड? विचारू नका. ‘भवाने’ म्हटल्याबिगर मी तिला कवा हाक मारली न्हाई, आन् उलटून बोलल्याबिगर तिनं कवा ओ दिली न्हाई.

तिला छातीत गाठ निघाली, कॅन्सरची. पुण्याला दवाखान्यात नेली. स्कॅनमधी अजून एक डाग दिसला, छातीच्या मधल्या हाडालगत. अनुपमा डॉक्टर म्हणाल्या, “ही दुसरी गाठ असेल तर आजार पसरलाय. ऑपरेशनमध्ये उघडल्यावरच नक्की कळेल.”

आत नेताना सिंधूनं माझा हात घट्ट धरला. “आक्का, समदी मला खोटंच सांगत्याल. तुम्ही एक करा. बरं निघालं तर शिव्या द्या. गोड बोलला, की मी वळखीन माझं काय खरं न्हाई.”

“जा गं, भवाने!” मी म्हटलं.

दुपारी डॉक्टरीणबाई चक्क पळत बाहेर आल्या. “मावशी, गाठ नाहीच ती! स्नायू आहे, जास्तीचा स्नायू! शंभरात पाच-सात जणांनाच असतो!”

“अगं बाई! गोण्या उचलून आला व्हय?”

“नाही हो, जन्मापासूनचा!” त्या हसल्या. “कॅन्सरची गाठ काढली. हा ठेवलाय तसाच.”

जन्माचा असू दे न्हाईतर कांद्याचा! धाकल्या दिराला, बाळासोला, मी भर दवाखान्यात मिठी मारायचीच ऱ्हायले.

सांजच्याला सिंधूनं डोळं उघडलं. माझा ऊर भरून आला. तिच्या तोंडावरनं हात फिरवत म्हटलं, “सिंधू, माझी बाय, माझी गुणाची पोर ती...”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. डोळ्यांतनं घळाघळा पाणी. भिंतीकडं तोंड फिरवलं तिनं.

मला कळंना, आता हिला काय झालं? मग एकदम ध्येनात आलं. आरं देवा!

“अगं ए भवाने! सटवे! म्हशे! रडती कशाला? न्हाई दुसरी गाठ! मांस हाय ते! लोकांना हाय तेवढं पुरतंय, तुला जास्तीचं कशाला लागलं गं, खादाडे?”

नर्स धावत आली. “मावशी, पेशंटला असं बोलतात का? बाहेर व्हा आधी!”

“बोलू द्या सिस्टर,” सिंधू हुंदके देत हसत हुती. “आक्का, अजून द्या की.”